पुढचा भाग पहिल्याच्या तोडीचा असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलांना घेऊन बघायच्या ॲनिमेशनपटांचे पुढचे भाग पहिल्याच्या तोडीचे क्वचितच असतात. पहिल्या भागात नायकाची मुख्य अडचण सुटलेली असते. दुसऱ्यात त्याला तितकीच खरी नवी अडचण मिळाली तर चित्रपट उभा राहतो. नुसतं गाव आणि खलनायक बदलून भागत नाही.

जिवंत खेळण्यांची गोष्ट सांगणारा १९९९ चा ‘टॉय स्टोरी २’ घ्या. सुरुवातीला तो थिएटरात न लावता थेट घरी बघायच्या व्हिडिओवर आणायचा बेत होता. मधेच एका चुकीच्या कमांडमुळे त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही कामी आला नाही. लहान बाळामुळे घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या संगणकावर प्रत होती, म्हणून निभावलं. हा किस्सा सगळेच सांगतात, पण खरं दुखणं कथेत होतं. नायक वुडी हा खेळण्यातला काउबॉय. त्याच्यासमोर दोन वाटा: जपानच्या संग्रहालयात काचेआड राहायचं किंवा आपल्या छोट्या मालकाकडे, अँडीकडे परतायचं. तो परतणार हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, मग जीव टांगणीला लागणार कसा? शेवटच्या नऊ महिन्यांत पिक्सार या स्टुडिओने चित्रपट जवळजवळ नव्याने बांधला. आवाज बिघडल्यामुळे फळीवर धूळ खात पडलेला व्हीझी पेंग्विन सुरुवातीलाच आणला. मोठ्या झालेल्या मालकिणीने जेसी या काउगर्ल बाहुलीला टाकून दिलं, ते सांगणारं गाणं घातलं. आता अँडीकडे परतायचं म्हणजे एक दिवस आपलीही तीच गत होणार, हे वुडीला दिसतं. तिसरा भाग (२०१०) नेमका तो दिवस दाखवतो: अँडी कॉलेजला निघालाय. तिथे विषय संपला होता. २०१९ च्या चौथ्या भागाला ऑस्कर मिळालं खरं, तरी माझ्या मते तो नसता तरी चाललं असतं.

सगळ्यात हमखास फसणारी युक्ती म्हणजे विनोदी सोबत्याला नायक करणं. ‘कार्स २’ मध्ये (२०११) नायकाचा विनोदी मित्र असलेल्या मेटर या टो-ट्रकला हेरगिरीच्या कथेत ढकललं. दोन मिनिटांच्या विनोदासाठी घडवलेलं पात्र पावणेदोन तास ओढत नाही. पण ‘श्रेक २’ मधल्या बूटवाल्या बोक्याच्या ‘द लास्ट विश’ने (२०२२) हेच करून बाजी मारली. इंग्रजी समजुतीनुसार मांजराला नऊ जीव असतात. या बोक्याचे त्यातले आठ संपलेत आणि तो आयुष्यात पहिल्यांदा घाबरलाय. सोबत्याला स्वतःची भीती मिळाली की तो नायक होतो.

सुपरहिरो कुटुंबाचा ‘इनक्रेडिबल्स २’ पहिल्यानंतर चौदा वर्षांनी आला, पण कथा मात्र पहिला भाग संपतो त्याच क्षणी सुरू होते. मारामाऱ्या देखण्या आहेत. बाळ जॅक-जॅकच्या शक्ती आपण आधीच पाहिलेल्या असतात, घरच्यांना मात्र आता कळतात. त्यामुळे गंमत येते, धक्का बसत नाही. याउलट ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन २’ (२०१४) पाच वर्षं पुढे जातो. नायक हिकप वीस वर्षांचा आहे, बापाला त्याला सरदार करायचंय आणि त्याला ते नकोय. काळ पुढे सरकला की नवी अडचण फारशी शोधावी लागत नाही.

म्हणून तिकीट काढण्याआधी ट्रेलर नाही, दोन ओळींचा कथासार वाचा. ‘या वेळी सगळे निघालेत अमुक शहरात’ एवढंच असेल तर ओटीटीवर येईपर्यंत थांबा. पात्राचं वय, घर किंवा नातं बदललेलं असेल तर थिएटर गाठा. लांबीही बघा: पहिला ‘टॉय स्टोरी’ ८१ मिनिटांचा होता, तिसरा १०३ चा आणि ‘इनक्रेडिबल्स २’ जवळजवळ दोन तासांचा. पाच वर्षांचं मूल शेवटच्या अर्ध्या तासात चुळबुळ करतं, आणि ‘टॉय स्टोरी ३’ मधला कचरा जाळण्याच्या भट्टीचा प्रसंग नेमका तिथेच आहे. घाबरट मूल असेल तर तेवढ्या वेळापुरतं त्याला मांडीवर घ्या.