विहिरीवरचा घसारा

बुककीपिंगच्या सरांनी अकरावीत आम्हाला घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, शिकवला तो पाण्याच्या टँकरवर. गणित त्यांनी स्वतःच रचलेलं: टँकरची किंमत, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विहीरमालकाला फेरीमागे मिळणारे पैसे. वर्षाचं नफातोटा पत्रक काढा. आम्ही काढलं, नफा घसघशीत आला. सर म्हणाले, "टँकरवर घसारा धरलात. विहिरीवर?" वर्गात चुळबुळ. "आणि शेजारच्या वाडीतलं पाणी मचूळ झालं, पानवेल गेली, ते कोणाच्या नावे टाकणार?" पाठ्यपुस्तकात तसं खातंच नव्हतं.

1990च्या आसपासची वसई ज्यांनी पाहिली त्यांना हे गणित काल्पनिक वाटणार नाही. बावखलं, म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, बुजत होती आणि गोड्या पाण्याच्या अति उपशाने समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकत होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. सर त्यात होते, पण व्यासपीठावर कधी दिसले नाहीत. आमच्या आळीच्या वर्गणीची वही त्यांच्याकडे असे. पाच रुपयांचीही पावती फाडायची, जमाखर्च चर्चच्या फलकावर लावायचा आणि तोच कागद देवळाच्या ओट्यावरही. मोर्चात कुपारी ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, आगरी सगळेच. मग हिशेबही सगळ्यांना दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

वर्गात त्यांनी कधी धर्माचं नाव काढलं नाही. एकदा चर्चमधल्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, मीच विचारलं, "सर, शाळा सांभाळून ही उठाठेव कशाला?" म्हणाले, "लूकच्या शुभवर्तमानात मालक कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो, ते वाच. बुककीपिंगच्या मास्तराला आणखी काय सांगायला हवं?" सहकार शिकवताना 1918 साली सुरू झालेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेचा दाखला मात्र हटकून द्यायचे.

जमीन विकणाऱ्यांविषयी सर फार कठोर बोलत. माझ्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी वाडी विकली होती. त्याच्यादेखत ते बोलणं मला तेव्हा खटकलं, आजही खटकतं.

सध्या मी वसई-विरारच्या सोसायट्यांचं ऑडिट करतो. पाणीखर्चात टँकरची बिलं दिसली की पाणी कुठल्या विहिरीचं, असं विचारतो. सेक्रेटरी म्हणतात, "साहेब, तुम्ही व्हाउचर बघा ना." व्हाउचर बघतो, आणि पुन्हा विचारतो.