फूटपाथ मोडतो तो गेटपाशी

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचा फूटपाथ बघून सगळे रुंदीचं कौतुक करतात. पण निम्मं काम उंचीचं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार उंची 150 मिमीच्या वर नको आणि निवासी भागातही चालायला किमान 1.8 मीटर मोकळी पट्टी हवी. मोकळी म्हणजे विजेच्या डीपी पेट्या, झाडं, खांब वगळून. नकाशावर मात्र कर्बपासून, म्हणजे फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेपासून, भिंतीपर्यंत सगळंच मोजून मोकळे होतात!

खरा घोळ सोसायटीच्या गेटपाशी. ठेकेदार तिथे अख्खा फूटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवतो. सारखी चढउतर आली की आजी-आजोबा सरळ रस्त्यावरून चालू लागतात. त्यापेक्षा फूटपाथची पातळी तशीच ठेवून गाडीचा उतार फक्त कर्बलगतच्या, झाडं-खांबांच्या पट्टीत द्यावा. गाडीचा वेग कमी होतो, तेही बरंच. व्हीलचेअरचा उतार वेगळा: 1:12, म्हणजे 150 मिमी चढायला 1.8 मीटर लांबी. दुचाक्या अडवायला बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावणार असाल तर मध्ये 90 सेंमी तरी सोडा, नाहीतर व्हीलचेअरच अडकते.

पेव्हर ब्लॉक खचले की शिव्या ब्लॉकला. दोष बहुतेकदा खालच्या भरावाचा. केबलसाठी खणून माती न दाबता लोटली की पावसाळ्यात खड्डा ठरलेलाच.