जुन्या स्पीकरला लाखाचा भाव कशापायी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "ताई, चाळीस-पन्नास वर्षांच्या खोक्यांना लोक लाख-दीड लाख मोजतात ते कशासाठी? एवढ्या पैशात नवेकोरे येत नाहीत का?" महिन्यातून दोनदा तरी हे मला कुणी ना कुणी विचारतंच.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत स्पीकर दुरुस्त करते. आधी सातपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं कॉइल वाइंडिंगला होते. ती लाइन बंद झाली, हातातलं काम हातात राहिलं. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने मांडववाल्यांचे पंधरा आणि अठरा इंची वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, येतात, आतली तारेची कॉइल जळून काळी झालेले. घर त्यावर चालतं. घरी गाणी ऐकायच्या जुन्या हायफाय स्पीकरच्या जोड्या वर्षाला पंधरा-वीस येतात, पण जीव त्यांच्यातच जास्त गुंततो.

येतात ते नवे, आणि चांगले येतात. त्याच पैशात आज मिळणारा नवा स्पीकर बहुतेक वेळा जुन्यापेक्षा सरळ, स्वच्छ वाजतो, हे मी जुन्याची वेडी असूनही सांगते. मग जास्तीचे पैसे कशाचे? जोडीचे. एकाच वेळी, एकाच हातांनी बनलेले दोन स्पीकर इतकी वर्षं एकत्र राहिले आणि त्यांच्या आत कुणी काही बदललं नाही, याचे ते पैसे. 'जुने स्पीकर महाग झालेत' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कुठले? कारण जुन्यांतले बहुतेक आजही भंगारात किलोवर जातात.

मागच्या श्रावणात देवळाली कॅम्पहून एक मुलगा रिक्षातून जेबीएल या अमेरिकी कंपनीचे दोन एल१०० स्पीकर घेऊन आला. गोधडीत बांधलेले. आजोबा जहाजावर होते, त्यांनी आणलेले. पुढच्या जाळीचा फोम मी बोटाने नुसता चाचपला आणि त्याचा नारिंगी भुगा फरशीवर पडला. या मॉडेलचं ते ठरलेलंच आहे. चौकटी-चौकटींचा तो फोम तेव्हा फार देखणा दिसायचा, पण पन्नास वर्षं टिकणारी ती वस्तू नव्हे. मुलाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, आत बघू. वूफरचा बारा इंची पांढरा कागदी कोन पिवळसर पडला होता, पण त्याची कड कापडाची, ती शाबूत होती. मीटर लावला, दोन्ही कॉइल ठीक. मग डावा ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, उघडला. मागच्या टोकांवरचं सोल्डर चकचकीत, वायर नवी, आणि ट्विटर आपल्याकडच्या बाजारात शे-दोनशेला मिळतो तो. कधीतरी मूळचा जळला असणार आणि घरातल्या कुणीतरी भरवशाच्या माणसाकडून 'दुरुस्त' करून घेतला असणार. वाजत होता. पण मुलाने परदेशातल्या जोड्यांचे जे आकडे पाहून ठेवले होते, ते त्या एका ट्विटरपाशी थांबले.

हा एल१०० मुळात ४३१० या मॉनिटरचं, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंग तपासायच्या स्पीकरचं, घरगुती रूप. १९७० साली आला आणि अमेरिकेत घराघरांत गेला. आतली रचना इतकी साधी की वूफरच्या वाटेत सूर गाळणारा फिल्टर नाहीच, तो अँपला (ॲम्प्लिफायरला) थेट जोडलेला. मधल्या आणि वरच्या सुरांसाठी कंडेन्सर, बस्स. मोजमापावर तोलायचा तर याच्यापेक्षा सरळ वाजणारे शंभर मिळतील. पण ढोलावर टिपरू पडलं की छातीत जे होतं, ते याच्यातून होतं, आणि आपण ढोलाच्या गावचे आहोत. कंपनीनेही २०१८ साली त्याची नवी आवृत्ती काढली. तरी मूळच्या जोड्यांची किंमत काही कोसळली नाही.

दुसरं उदाहरण बीबीसीच्या एलएस३/५एचं. जोडी म्हणजे काय ते मला याने शिकवलं. प्रक्षेपणाच्या गाडीत मोठा मॉनिटर मावत नाही, कानाजवळ ठेवायला लहान पण खरं बोलणारं खोकं हवं होतं, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांनी तो स्वतःसाठी घडवला. उंची फूटभर, रुंदी साडेसात इंच. आतले ड्रायव्हर, म्हणजे सुटे वूफर-ट्विटर, केफ कंपनीचे. तिने मध्येच ड्रायव्हरमध्ये फेरफार केले, त्यामुळे सगळा आराखडा पुन्हा जुळवावा लागला. नावातला शेवटचा 'ए' तिथून आला. पुढे रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल, हार्बेथ, गुडमन्स अशा कंपन्यांना तो बनवायचा परवाना मिळाला, पण अट एकच: कुणीही बनवा, तो बीबीसीच्या नमुन्याशी जुळला पाहिजे. अभियंत्याला एका गाडीतून उठून दुसऱ्या गाडीत बसल्यावर आवाज तोच ऐकू यायला हवा ना!

त्यासाठी ड्रायव्हर मोजून, निवडून घेत. खोकं बारा मिलिमीटर बर्च प्लायचं, आतून जड थर चिकटवलेला, म्हणजे भिंती स्वतः गुणगुणणार नाहीत. त्याचा खर्ज फार खाली जात नाही, आणि सव्वाशे-दीडशे हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव आहे. त्यामुळे माणसाचा आवाज भरदार वाटतो. रेडिओवाल्यांचा स्पीकर आहे, बोलणं त्याचं पहिलं काम. केफने ते ड्रायव्हर बंद केल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीला उत्पादन थांबलं. १९८७च्या सुमारास क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणारी जोडणी) बदलून तो ११ ओहमचा झाला होता, त्याआधीचे १५ ओहमचे. जाणकार १५ ओहमवाल्यांना जास्त पैसे देतात, आणि लागोपाठ क्रमांकांची जोडी असेल तर त्याहून जास्त. मी १५ ओहमची एकच जोडी उघडली आहे, ती गंगापूर रोडच्या एका निवृत्त बाईंची. त्यातून आकाशवाणीच्या बातम्या लावल्या, आणि निवेदिकेने पान उलटलेलं कळलं. दुरुस्ती काहीच नव्हती, नुसती धूळ होती. मी पैसे घेतले नाहीत.

भाव चढवणारं आणखी एक कारण म्हणजे पुन्हा बनवता न येणारे भाग. यामाहाच्या एनएस-१०००एममध्ये मधल्या आणि वरच्या सुरांचा घुमट, म्हणजे आवाज काढणारा पातळ पडदा, बेरिलियम धातूचा आहे. १९७४ साली निर्वातात त्या धातूच्या वाफेचा थर बसवून तो केला. फार हलका आणि फार ताठ. पण कुणा लहान मुलाने त्यावर बोट दाबलं की संपलं. बेरिलियमची पूड छातीत गेली तर माणसाला अपाय करते, त्यामुळे तुटलेल्या घुमटाला मी हातही लावत नाही. अशी एक जोडी धड राहिली, म्हणजे त्या घरात कुणीतरी तीस-चाळीस वर्षं जपून वागलं. त्याचे पैसे मला जास्त वाटत नाहीत.

लोहचुंबकाची गोष्ट जरा वेगळी आहे. १९७८ साली झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, खाणींच्या प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचा भाव कित्येक पटींनी चढला. अल्निको चुंबक म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. स्पीकरवाल्या कंपन्यांनी पटापट अल्निको सोडून फेराइटचं चुंबक धरलं. तेव्हापासून 'अल्निको' हा शब्द मंत्रासारखा झाला. माझ्या बाकावर दोन्ही येतात. मॅग्नेटची फट आणि कॉइल यांची आखणी चांगली असेल तर फेराइटही तितकंच गोड वाजतं, हे मी हाताने करून बघितलंय. नुसत्या या एका शब्दासाठी दुप्पट पैसे देऊ नका, हे मी तोंडावर सांगते. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. १९९१च्या आधी परदेशी स्पीकर सरळ दुकानातून घेण्याची सोय जवळजवळ नव्हती, जकात डोळे पांढरे करणारी. जे आले ते जहाजावरच्यांनी, आखातातून परतणाऱ्यांनी सामानात आणले. म्हणून इथल्या जोड्या मुळातच थोड्या. त्यात पॉलियुरेथेन फोमची कड असलेले स्पीकर दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत आपोआप विरतात. मुंबईहून आलेल्या वूफरची कड मला बहुधा चिकट, काळ्या डिंकासारखी सापडते. नाशिकचे त्या मानाने बरे निघतात.

आणि मोठी खोकी महाग का, असंही विचारता तुम्ही. १९५०च्या आसपास व्हॉल्व्हचे अँप दहा-पंधरा वॅटचे असत, तेवढ्यात खोली भरायची तर स्पीकरच संवेदनशील, म्हणजे थोड्या वॅटमध्ये मोठा वाजणारा, हवा. १९४६पासून बनणारा क्लिप्शहॉर्न हा भोंग्याचा मोठा स्पीकर एका वॅटला १०४ डेसिबलच्या घरात जातो, वर सांगितलेला बीबीसीचा छोटा ८२-८३च्या. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे तेवढाच आवाज काढायला छोट्याला शंभर पटींहून जास्त वॅट द्यावे लागतील. पण जुन्या क्लिप्शहॉर्नच्या जोडीला खोलीचे दोन धड कोपरे लागतात, भिंती त्याच्या भोंग्याचाच भाग होतात. जुन्या नाशकातल्या वाड्यात ते मिळाले असते. आताच्या टू बीएचकेत एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात बाल्कनी. तिथे तो घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आता भाव कुठे खरोखर फुगवलेला आहे ते सांगते. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत लोक गल्लत करतात. लासलगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मनातला भाव वेगळा आणि लिलावात पुकारलेला वेगळा. कुणी दोन लाख मागतोय म्हणून माझीही जोडी दोन लाखांची, असं होत नाही. दुसरं, डोळे फसवतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. दिसत असताना मोठ्या, भारी दिसणाऱ्यांना लोकांनी जास्त गुण दिले, पडदा पडल्यावर ते गुण बदलले. माझ्या खोलीतही मी गिऱ्हाइकाला पाठमोरं बसवून ऐकवते. मगच बोलू म्हणते.

आणि तिसरं, ज्याचा मला खरा संताप येतो. भाव चढल्यापासून धडधाकट जोड्या फोडल्या जातायत. वूफर एकाला, ट्विटर दुसऱ्याला, क्रॉसओव्हर तिसऱ्याला, कारण सुट्ट्याचे पैसे अख्ख्यापेक्षा जास्त येतात. मागच्या वर्षी एका विक्रेत्याकडून मी स्वतः 'अख्खी, न उघडलेली' म्हणून एक जोडी घेतली. घरी आणून उघडली तर दोन वूफरच्या कॉइलचं मोजमाप जुळेना, एक दुसऱ्याच वर्षीचा. खोकी ओळखीची होती, आतली माणसं परकी. ती जोडी अजून माझ्याकडेच आहे, खोटं बोलून ती मला विकवत नाही.

म्हणून माझ्या कामाचा एक नियम आहे. कंडेन्सर म्हातारे होतात, ते बदलावेच लागतात. पण काढलेले जुने मी छोट्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, खोक्याच्या आतच ठेवते. कोन शक्यतो बदलत नाही, कडेवर भागवते. पुढे उघडणाऱ्याला मूळचं काय होतं ते दिसलं पाहिजे.

देवळालीच्या मुलाला मी तेव्हा विकू नको म्हटलं. त्याची आजी अजून आहे, तिला ते वाजताना ऐकायचे आहेत. जाळीला नवा फोम कापून लावला, डावीकडे तो बाजारातला ट्विटर तसाच ठेवलाय. त्याच्या जागी त्याच काळातला मूळचा बसवायचा तर तो कुठल्यातरी फोडलेल्या जोडीतूनच येणार, हे मलाही कळतं. तरी शोधतेय. आधीच मोडलेल्या, वूफर फाटलेल्या एल१००चा चालू ट्विटर तुमच्या ओळखीत कुणाकडे पडून असेल, तर मला हवा आहे. अख्ख्या जोडीतला काढून मात्र आणू नका.