तुम्ही विचारलंत म्हणून : चेटकिणींचा सिनेमा मी का दाखवते

'ताई, तुम्ही जादूटोण्याच्या विरोधात बोलता, अन् पोरींना चेटकिणींचा सिनेमा काऊन दाखवता जी?'

शाळेत चमत्कारांमागचं विज्ञान दाखवून झालं की हा प्रश्न येतोच. नारळातून आग निघालेली असते (आत पोटॅशियम परमँगनेट, वरून ग्लिसरीन), लिंबातून 'रक्त' निघालेलं असतं (सुरीवर वाळवलेलं मिथाइल ऑरेंज), जिभेवर कापूर जळालेला असतो. मग एखादी शिक्षिका किंवा कुणाची आई मला बाजूला घेते. कॉलेजच्या मुलींसोबत मी 'द क्राफ्ट' बघते, हे नागपुरात आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणींना माहीत आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही.

सिनेमा १९९६चा, अँड्र्यू फ्लेमिंग यांनी दिग्दर्शित केलेला. सॅरा नावाची मुलगी वडील आणि सावत्र आईसोबत लॉस एंजेलिसला येते. तिथल्या कॅथलिक शाळेत तिची तीन मुलींशी गट्टी जमते : नॅन्सी, बॉनी आणि रोशेल. शाळा या तिघींना टाळते. चौघी मिळून मंत्र म्हणायला लागतात आणि मंत्र खरे व्हायला लागतात. पुढे ही शक्ती त्यांच्या हाताबाहेर जाते. साप, किडे, विजा, हवेत तरंगणं, भयपटात लागतं ते सगळं त्यात आहे.

पण या मुली मागतात काय, ते बघा. बॉनीची पाठ भाजल्याच्या व्रणांनी भरलेली आहे आणि डॉक्टरांच्या उपचारांच्या वेदनांनी ती पिचून गेलीय. रोशेलला तिच्या रंगावरून, केसांवरून एक मुलगी रोज टोचते. नॅन्सी ट्रेलरच्या घरात राहते, आई दारूत, सावत्र बापाची नजर आणि हात दोन्ही वाईट. सॅराची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली आणि सॅराने स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न करून झालेला आहे. वर एका मुलाने तिच्याबद्दल शाळाभर खोटं पसरवलंय. यातलं एकही दुखणं जादूचं नाही. सगळी अगदी या जगातली आहेत. शाळा, डॉक्टर, आईबाप यांच्यापैकी कुणाकडेही त्यावर उत्तर नाही, म्हणून मुली मंत्राकडे जातात.

आमच्या कामात मला हेच दिसतं. मांत्रिकाच्या दारात उभी असलेली बाई मूर्ख नसते. तिला मूल होत नसतं, नवरा पीत असतो, गाय आटलेली असते, चांगली हसती-बोलती पोरगी महिनाभर गप्प झालेली असते. ती आधी कुठे कुठे जाऊन आलेली असते, ते कुणी विचारत नाही. 'अंधश्रद्धा सोडा' एवढंच तिला सांगून मी परत आले, तर तिच्या दुखण्याला मी हातसुद्धा लावलेला नसतो. जादू खोटी असते, तक्रार खरी असते. हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा भयपट मला माहीत नाही.

रोशेलविषयी जरा जास्त बोलायला हवं. रेचल ट्रू या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड झाल्यावर या भूमिकेत वर्णद्वेषाचा धागा आला. आधीच्या पटकथेत त्या मुलीचा त्रास वेगळा होता, खाण्याशी निगडित. रोशेल त्या छळणाऱ्या मुलीला सरळ विचारते की तू माझ्याशी अशी का वागतेस, आणि मिळणारं उत्तर निव्वळ वंशद्वेषाचं असतं. हा प्रसंग आमच्या मुलींना समजावून सांगावा लागत नाही. आधी आडनाव विचारून मग बाकावर किती सरकून बसायचं हे ठरवणारी माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. पुढे रोशेलच्या मंत्राने त्या मुलीचे केस गळायला लागतात, ती रडत असते आणि रोशेलला ते बघवत नाही. सूड पूर्ण झाल्यावरचा तो चेहरा रेचल ट्रू यांनी फार सुंदर केलाय. तरी सिनेमाने तिला कमीच दिलं. बाकी तिघींची घरं दिसतात. रोशेलचे आईवडील कुठे दिसत नाहीत. हे मला खटकतं आणि मुलींशी मी ते बोलते.

'पण पोरी हे बघून मंत्र म्हणायला लागल्या तर?' ही भीती अमेरिकेतही होती. सिनेमाला तिथे 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच बघायचा. शाळकरी मुली जादूटोणा करतात हे त्यामागचं मोठं कारण होतं, असं फ्लेमिंग यांनी सांगितलंय. बनवणाऱ्यांनी काळजीही घेतली होती. पॅट डेव्हिन या स्वतः विक्का (निसर्गपूजा आणि जादू मानणारा आधुनिक पंथ) मानणाऱ्या बाईंना सल्लागार नेमलं होतं. सिनेमातल्या मुली ज्याला साद घालतात तो 'मॅनॉन' हा देव मुद्दाम काल्पनिक ठेवला, कारण सिनेमा बघून मुलींनी समुद्रकिनारी जाऊन कुठल्या खऱ्या देवतेला बोलावत बसू नये.

मी एक पाऊल पुढे जाते. सिनेमात चौघी एक खेळ खेळतात : रोशेल आडवी झोपते, बाकीच्या तिच्याखाली बोटं लावतात, 'पिसासारखी हलकी, फळीसारखी ताठ' असं घोकतात आणि ती वर उचलली जाते. हा खेळ सिनेमाने शोधलेला नाही. सॅम्युअल पेपिस या इंग्रज गृहस्थांनी ३१ जुलै १६६५च्या रोजनिशीत, लंडनमध्ये प्लेग चालू असताना, मित्राने फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पाहिलेला असाच प्रकार लिहून ठेवलाय. तिथेही चार लहान मुलीच होत्या, गुडघ्यावर बसलेल्या, आळीपाळीने ओळी पुटपुटणाऱ्या, आणि एकेका बोटावर त्यांनी एका मुलाला उचललं होतं.

हा खेळ मी शाळेत करून घेते. एक मुलगी खुर्चीवर बसते. चौघी तिच्या काखेत आणि गुडघ्याखाली बोटं लावतात. पहिल्यांदा ती हलत नाही. मग सगळ्या एका सुरात मोजतात, आणि ती वर जाते. वर्गात जी किंकाळी उठते ती ऐकण्यासारखी असते. मग हिशेब मांडायचा. मुलगी ४८ किलोची असेल तर चौघींच्या वाट्याला प्रत्येकी १२ किलो. पहिल्या वेळी जोर वेगवेगळ्या क्षणी लागला म्हणून फसलं. मोजताना तो एकाच क्षणी लागला. मंत्राने काम केलं ते एवढंच, चौघींना एका तालात आणलं. एकदा हे कळलं की मुली भयपटाला घाबरल्या तरी मंत्राला घाबरत नाहीत.

आता गंभीर गोष्ट. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१पासून, पिवळी १८८५पासून. महाल-इतवारीच्या रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नसते आणि आरोळी उठते : 'ईडा, पीडा, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!' बांबू-कागदाची ती अक्राळविक्राळ बाई शेवटी जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बांकाबाईंशी जोडतात. इंग्रजांना साथ दिल्याचा राग त्यांच्यावर. रोगराईचं खापर फोडायला बाईचाच पुतळा लागावा, हे मला लहानपणापासून टोचतं. पण जळतो तो कागद. पडद्यावरची चेटकीणही त्या पुतळ्यासारखीच, माणसांनी बनवलेली आणि बनवली आहे हे सगळ्यांना ठाऊक असलेली.

भीती मला वाटते ती जिवंत माणसाकडे बोट जातं तेव्हा. ऑगस्ट २०२१मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भरचौकात बांधून मारलं. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. त्यांनी कुठलाही मंत्र म्हटला नव्हता. लोकांनी ठरवलं आणि दोर आणले.

असं ठरवणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, आणि त्याच डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. कुणी करणी करतं, मंत्राने जनावरांचं दूध आटवतं, रोगराई पसरवतं असं भासवून त्या माणसाचं जगणं मुश्कील करणं त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सिनेमा बघायला किंवा गोष्ट सांगायला हा कायदा आड येत नाही.

सिनेमाचा शेवट मात्र मला अजिबात मान्य नाही. ज्या मुलीकडे सगळ्यात कमी होतं, ती नॅन्सी मनोरुग्णालयात पलंगाला बांधलेली दिसते. तिने खून केलाय, कबूल. पण फेरुझा बाल्क यांनी ती इतकी जिवंत केलीय, तिची भूक इतकी खरी आहे, की चांगली जादूगारीण सॅरा जिंकली याचा आनंद होत नाही. दर वेळी दिवे लागल्यावर पहिला वाद यावरच होतो आणि तो लांबतो. 'तिला आधी कुणी विचारलं असतं तर?' असं एखादी म्हणतेच, आणि मग कधी कधी ती स्वतःच्या घरातलं काही सांगायला लागते. त्यासाठी मी वेळ राखून ठेवते. २०२०मध्ये याचा पुढचा भाग आला, तो मी दाखवत नाही. त्यात ही धग नाही.

शाळकरी मुलींना मात्र हा सिनेमा मी दाखवत नाही. त्यांच्यासाठी खुर्चीचा खेळ पुरे. यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे उल्लेख आहेत, बलात्काराचा प्रयत्न आहे. ज्या घरात नुकतंच असं काही घडलंय, तिथे तर थांबाच. तुमची मुलगी कॉलेजात असेल आणि तिला बघायचा असेल, तर शेजारी बसून बघा. सॅरा ज्याच्यावर वशीकरण करते तो क्रिस पुढे तिच्यावरच हात टाकतो, तो प्रसंग आला की रिमोट उचलून पुढे ढकलू नका. मुलगी काय म्हणते ते आधी ऐका, आणि वशीकरणाच्या जाहिराती आपल्या सिटी बसच्या थांब्यांवर अजून चिकटलेल्या असतात, त्यांच्याबद्दलही तिच्याशी बोला.