तान्ह्या पोळ्याची तयारी

माझी लेक ओवी सव्वा वर्षाची झाली तरी बसत नव्हती. उभी धरली की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, टाचा टेकायच्याच नाहीत. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "होऊन जाते सगळं, सातव्या महिन्यातली आहे ना." एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि आमचे पाच महिने गेले. तो राग अजून आहे.

शेवटी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं तिला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि थेरपी मोफत असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. निदान झालं: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण, त्यातही स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे ताठरपणा हातांपेक्षा पायांत जास्त. मेंदूतली इजा वाढत नाही. पण हाडं वाढतात आणि ताठर स्नायू मागे पडतात. म्हणून रोज ताण द्यायचा.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" मी म्हटलं, "चालायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण कुठं जायचंय तिला?" मला उत्तर सुचेना. सासूबाईच बोलल्या, "तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन रांगेत उभी राहिली तरी पुष्कळ." तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडचा लेकरांचा पोळा, पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी राहतात. मॅडमनी फाईलवर तेच लिहिलं. आधी मला ती थट्टाच वाटली.

केंद्रात आठवड्यातून दोन वेळा अर्धा तास, बाकी सगळं घरी. सासूबाईंची मालिश मॅडमनी थांबवली नाही, पण तेवढ्यानं स्नायू लांब होत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या दोन दिवस रुसल्या. मग त्याच ओवीची टाच तळहातात धरून पाऊल वर दाबायला शिकल्या, गुडघा सरळ ठेवून. तीस आकडे मोजायचा कंटाळा, म्हणून आरतीचं एक कडवं म्हणायच्या.

सगळ्यात कामी आला तो पाट. पाय पसरून बसवलं की मांडीमागचे स्नायू कंबर मागे ओढायचे आणि पोरगी कुबड काढून हातांवर टेकायची. दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर बसवली, पावलं जमिनीला टेकवली, तर पाठ बरीच सरळ! हात मोकळे झाले. मग मी पोळ्या करताना तिला कणकेचा गोळा द्यायचा आणि तो मुद्दाम थोडा लांब ठेवायचा. वाकून घ्यायचा, परत सरळ व्हायचं. तिच्या लेखी खेळ, आमच्या लेखी व्यायाम. पाय मागे फाकवून बसायची तिला सवय लागली होती, ती मोडताना मात्र रडारड झाली. गोल वॉकरला मॅडमनी साफ नकार दिला. त्यात लेकरू लटकतं आणि चवड्यांवर ढकलत जातं.

पायाचं माप घेऊन स्प्लिंट बनवले, म्हणजे पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणारे प्लास्टिकचे साचे. पहिली जोडी घोट्याला टोचायची. काढल्यावर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला न्यायचा, हे बनवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं, मॅडमनी सांगितलं. आणि नागपूरचा मे! प्लास्टिकच्या आत पाय नुसता शिजतो. पातळ सुती मोजे दिवसातून तीनदा बदलायचो, उभं राहायचा सराव सकाळी साडेसहाला आणि दुपारी फक्त कूलरसमोर लोळण.

मधे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, हेलपाटे झाले. पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं, म्हणजे अपंगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या मधलं. मग निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज भरला. वर्षाला १ लाखापर्यंतचा हा विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. बिलं मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा; आमची अर्धी रद्दीत गेली होती.

लाकडी नंदी नागपूरच्या महाल भागातून आणला, तिच्या छातीएवढा. पण चाकं सुळ्ळकन पळायची, म्हणून ह्यांनी चारही चाकांत लाकडाच्या पाचरी ठोकल्या. आषाढभर तो नंदी अंगणात एका जागी उभा होता आणि त्याच्या पाठीला धरून ओवी. आधी दहा आकडे, मग एक कडवं, मग अख्खी आरती.

तान्ह्या पोळ्याला ती साडेतीन वर्षांची होती. स्प्लिंटवर नवे बूट, मागे मी, हात तिच्या कमरेपासून चार बोटं दूर. शेजारचा पोट्टा ओरडला, "हिचा नंदी चालतच नाही!" ओवी म्हणाली, "तो थकला." बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या लेकरांना मिळणारी भेट, घ्यायला तिनं एक हात सोडला. एकच, पण सोडला. दहा रुपयांची ती नोट तिनं सासूबाईंना दिली. रात्री ह्यांनी दोन पाचरी काढल्या.