टपकणारा गीझर आणि डमी मागणारे

थंडी पडली की अंबाजोगाईतल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक ठरलेली मागणी येते. "भाऊ, गीझरचा व्हॉल्व्ह टपकायलाय, तोंडाला लावायला डमी द्या." डमी म्हणजे पाइपाचं तोंड बंद करायचं बूच. डमी डबाभर पडून आहेत, पण या कामाला मी एकही देत नाही. काही जण रागानं शेजारच्या दुकानात जातात. जाऊ द्या.

हा गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब वाढला की पाणी सोडणारा. बहुतेक वेळा त्याला काही झालेलं नसतं. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की जवळपास अर्धा लिटर वाढतं. एवढं पाणी जाणार कुठं? पूर्वी ते थंड पाण्याच्या पाइपातून गच्चीवरच्या टाकीकडं मागं सरकायचं, कुणाला कळायचंही नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब, म्हणजे आपल्या दुमजली घरात अर्ध्या बारच्या आसपासच. आता शॉवर जोरात पाहिजे म्हणून प्रेशर पंप आले, पंपासोबत एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आला, आणि नव्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्येही बहुधा एनआरव्ही असतोच. मागं जायची वाट बंद. दाब चढत जातो आणि व्हॉल्व्हवर ८ बार लिहिलेलं असेल, तर त्याच्या आसपास पोचल्यावर तो थोडं पाणी सोडतो. त्याचं तोंड बंद केलं, तर फुटायला गीझरची टाकीच उरते.

माझा भाचा मुंबईत लहान बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. बोटीला गच्ची नाही, त्यामुळं सगळं पाणी पंपावर. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी नळीतून फिरवून अंघोळीचं पाणी तापवतात, आणि ते गीझरपेक्षाही जास्त तापू शकतं. व्हॉल्व्ह सुटला की गोडं पाणी बोटीच्या तळाशी जातं. मोजकं पाणी घेऊन निघालेल्या माणसाला ते कसं परवडेल? म्हणून तिथं एक्स्पान्शन टँक बसवतात: आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. फुगलेलं पाणी हवेला दाबून जागा करून घेतं, थंड झालं की परत येतं. आपल्याकडंही नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा ही टाकी इथं चालायला हरकत नाही.

फक्त जागा चुकवू नका. गल्लीतल्या गुरुजींनी टाकी नेली आणि काही दिवसांनी परत आले, "तुमची टाकी काही कामाची नाही बघा." जाऊन पाहिलं तर फिटरनं ती पंपाशेजारी लावलेली. एनआरव्हीच्या पलीकडं टाकी असली, तर गीझरमधलं पाणी तिच्यापर्यंत पोचणारच नाही. ती सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मधे, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवायची. तिथं कॉक मात्र कधीच नको. हवा भरताना पंप बंद करा, नळ सोडून दाब उतरवा, मग मोटारसायकलच्या टायरचा गेज लावा. लाइनचा दाब २ बार असेल तर हवाही तेवढीच, म्हणजे २९ पीएसआय. हवेच्या निपलमधून पाणी आलं, तर पडदा फाटलाय.

टपकणं नुसतं तापतानाच असेल आणि बटन बंद केल्यावर थांबत असेल, तर ते फुगण्याचंच पाणी. रात्रंदिवस टपकत असेल तर प्रकरण वेगळं: एक तर पंपाचा दाब जास्त, नाहीतर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकलाय. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड, पांढरा थर लवकर धरतो. वीज बंद करून, पाणी गार झाल्यावर, व्हॉल्व्हची दांडी अधूनमधून उचलून बघा. पाणी आलं तर ठीक. दांडी हललीच नाही, किंवा हलूनही पाणी आलं नाही, तर साफ करत बसू नका, व्हॉल्व्हच नवा घ्या. माझ्याकडूनच घ्या असं नाही, पण घेताना गीझरच्या पाटीवरचा बारचा आकडा लिहून आणा.