पोट भरलं, पण बिल काही येईना

अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या बोएदो भागात रात्री अकरा वाजता आम्ही दोघं रिकाम्या ताटल्यांसमोर बसलो होतो. पहाटे इग्वासूच्या धबधब्याकडे जायचं विमान. आणि आमचा वेटर, साठी उलटलेला गृहस्थ, काउंटरला टेकून टीव्हीवर फुटबॉल बघतोय.

जेवणाबद्दल तक्रार नाही. निखारे एका बाजूला तयार करून थोडे थोडे जाळीखाली ओढायचे, मांसाला नुसतं जाडं मीठ, आणि ज्वाळ म्हणून लागू द्यायची नाही. 'बीफे दे चोरीसो' वाचून नवऱ्याला गोव्याचं चोरीस सॉसेज आठवलं. समोर आला तो दोन बोटं जाडीचा स्टेक. चिंचुलिनेस म्हणजे आतडी, कडक भाजून वर लिंबू. वजडी खाणाऱ्या घरातली मी, पण रश्शाशिवाय ती अशी कुरकुरीत कधी खाल्ली नव्हती. गाईचं चालत नसेल तर 'पोशो', म्हणजे कोंबडी, मागवा. स्पेलिंगमधल्या दोन 'एल'वर जाऊ नका. 'पारिला' लिहिलेल्या या भट्टीच्या खानावळींनाही तिथे 'पारीशा' म्हणतात.

तर बिल. पहिली दहा मिनिटं आम्ही सभ्यपणे वाट पाहिली. मग मी ताटल्या एकावर एक रचल्या. वेटर आला, ताटल्या उचलल्या, गोड काही हवंय का विचारलं. नको. कॉफी? नको. मला वाटलं, आता आणेल. तो परत मॅचपाशी! पुण्यात आपण हात धुऊन येईपर्यंत बडीशेपेची वाटी आणि बिल टेबलावर हजर असतं, वर पुढचं गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं. इथे पाऊण तास झाला. नवरा खाकरला, मी पर्स उघडून मिटली, घड्याळ दिसेल असा हात टेबलावर ठेवला. परके म्हणून मुद्दाम रखडवतायत, हे माझं तोवर पक्कं झालं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचं जेवण आमच्याही आधी आटोपलं होतं. रिकाम्या बाटलीभोवती त्यांच्या गप्पा चालूच. या जेवणानंतरच्या बैठकीला ते 'सोब्रेमेसा' म्हणतात, हे मला नंतर कळलं. शेवटी त्यांच्यातल्या एकाने हात वर करून हवेत सही केल्यासारखं केलं. दोन मिनिटांत त्यांचं बिल आलं. मीही तस्संच केलं. वेटरचा चेहरा पडला. "इतक्यात निघालात?" अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. न मागता बिल ठेवणं म्हणजे तिथे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं!

बिलात 'कुबिएर्तो' नावाची रक्कम दिसली आणि मी पुन्हा भांडायला सरसावले. ती पाव आणि काटा-चमच्यांची. टीप वेगळी, साधारण दहा टक्के, रोख द्या. हो, आणि सातला जाऊ नका, दार बंद असतं. आठला उघडतं, गर्दी दहाला. मी घाबरून 'बिएन कोसिदो', म्हणजे पूर्ण भाजलेलं, मागितलं आणि वातड चावत बसले. मध्यम भाजलेलं, म्हणजे 'आ पुन्तो', मागा. नवऱ्याच्या ताटलीतलं अर्धं मीच संपवलं.

विमान मिळालं. परतीच्या आदल्या रात्री पुन्हा तिथेच गेलो. साडेबारा वाजले तरी मी हात वर केला नव्हता. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, कर आता सही."